'बार्शीत' लिहिलं की गेम चांदण्या का टाकतो

"मी बार्शीत आहे, थांबा" हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून गेमच्या चॅटमध्ये टाका. शिव्या झाकणारा फिल्टर साध्या पद्धतीचा असेल तर समोरच्याला 'बार' आणि पुढे चार चांदण्या (****) दिसतील. कारण त्या शब्दाच्या शेवटी एस, एच, आय, टी ही चार अक्षरं लागोपाठ येतात, आणि ती इंग्रजीतली शिवी आहे. शीतल, क्षितिज, रक्षिता यांचीही तीच गत. बरं, पूर्ण शब्द जुळला तरच अडवायचं ठरवलं तर पोरं अक्षरांमध्ये जागा सोडून शिवी लिहितात. मग गेमवाले जागा काढून तपासतात आणि 'बार्शी तालुका'सुद्धा अडकतो!

उलट खरी शिवी आरामात निसटते. सोलापुरी पोरगं एका वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी वापरतं, आणि रोमन लिपीत एकेका शिवीची पाच-सहा स्पेलिंगं होतात. कोण आणि किती याद्या करणार? त्यात आपला 'बे'. "काय बे, कुठं हाय?" ही आपल्याकडं विचारपूस. टीममधल्या बाहेरगावच्या अनोळखी पोराला तो अपमान वाटतो आणि तो रिपोर्ट दाबतो. 'कॉल ऑफ ड्यूटी' या गेमनं ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉइस चॅट ऐकणारी एआय यंत्रणा उत्तर अमेरिकेत सुरू केली, तीही आधी फक्त इंग्रजीसाठी. 'बे'चा सूर तिला कधी कळणार देव जाणे.

म्हणून माझं स्पष्ट मत: शब्द पकडत बसण्यापेक्षा त्रास द्यायची सोयच काढून घेतलेली बरी. 'जर्नी' (२०१२) हा गेम बनवताना खेळाडू एकमेकांना ढकलून संकटात पाडायला लागले. उपदेशाचा बोर्ड लावण्याऐवजी बनवणाऱ्यांनी धक्का लागणंच बंद केलं. बोलायला शब्द नाहीत, फक्त एक सूर. 'रेनबो सिक्स सीज' या गोळीबाराच्या गेममध्ये आपल्याच माणसाला मुद्दाम गोळ्या घालणारे होते. २०१९ पासून अशा खेळाडूच्या गोळीची इजा उलट त्यालाच होते. साथीदाराचा केसही वाकडा होत नाही. याला म्हणतात डोकं.

अर्थात माणूस पळवाट काढतोच. 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या गेममध्ये बोलायला मोजकी ठरलेली वाक्यंच आहेत. तर लोक 'सॉरी'च टोमण्यासारखं वापरायला लागले. २०१६ मध्ये ते काढून 'वॉव' आणलं, आणि समोरच्याची चाल चुकली की 'वॉव' सुरू! आपल्याकडं "या पावणं" कसल्या सुरात म्हणतात त्यावर सगळं असतं, तसंच.

खेळाडूंच्या हातात जास्त अधिकार दिला की वेगळाच घोळ. २०१६ च्या 'ओव्हरवॉच' या गेममध्ये नको असलेला खेळाडू टाळायची सोय होती. लोकांनी टाळला कुणाला, तर एका अव्वल नेमबाजाला, कारण तो हरवायचा! त्याला सामनेच मिळेनात. सोय काढावी लागली. २०१८ मध्ये ती परत आली, पण फक्त आपल्या टीमपुरती, आणि सुरुवातीला दोनच जणांना सात दिवस टाळता यायचं. तेव्हा कुठं बरोबर जमलं.

सामना अर्धवट सोडणाऱ्यांना 'काउंटर-स्ट्राइक' चढत्या क्रमानं बाहेर बसवतं: आधी ३० मिनिटं, मग २ तास, मग २४ तास, मग ७ दिवस. पहिली शिक्षा हलकी आहे ते योग्यच. लाईट गेली की रागानं बाहेर पडला, हे सर्व्हरला कुठून कळणार? पण आठवड्यात तिसऱ्यांदा 'लाईट गेली' तर शंका येणारच.

कुणी शिव्या देत असेल तर आधी म्यूट करा, मग रिपोर्ट. उलट उत्तर टाइप करू नका. चॅटची नोंद तपासली तर तुमचंही वाक्य त्यातच असतं. रिपोर्टचा प्रकार नीट निवडा. शिवीगाळ झाली असताना 'चीटिंग' निवडलं तर तपासणी भलत्याच गोष्टीची होते आणि तो सुटतो. लहान पोरगं खेळत असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हींचं व्हॉइस चॅट बंद करा. नुसता माइक बंद केला तर तुमचं पोरगं गप्प बसतं, बाकीच्यांचं सगळं ऐकू येतच राहतं.