बीडीएस, ‘एक परीक्षा’ आणि परदेशातली प्रॅक्टिस

बीडीएस, म्हणजे डेंटिस्टची पदवी, करणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परदेशी जाण्याबद्दल एक मेसेज फिरतोय. सार असं : इथे डेंटिस्टला किंमत नाही, तिकडे टंचाई आहे, एक परीक्षा द्या, नाहीतर एमपीएच करून जा, लगेच प्रॅक्टिस सुरू, कर्ज दोन वर्षांत फिटतं. यावर विसंबून लोक घर गहाण टाकायला निघतात, म्हणून हे लिहितेय.

अमेरिकेची ती ‘एक परीक्षा’ म्हणजे आयएनबीडीई, डेंटिस्टची राष्ट्रीय लेखी परीक्षा. दोन दिवसांत ५०० प्रश्न. पण ती पास झाली म्हणून लायसन्स मिळत नाही. बहुतेक राज्यांना डीडीएस किंवा डीएमडी ही तिथली मान्यताप्राप्त डेंटल पदवी लागते. म्हणजे इंटर्नशिपसकट आपली पाच वर्षं झाल्यावर पुन्हा कॉलेज, ॲडव्हान्स्ड स्टँडिंगची, म्हणजे परदेशी डेंटिस्टना थेट वरच्या वर्गात घेणाऱ्या कोर्सची, दोन ते तीन वर्षं.

तिथला प्रवेशही नुसत्या मार्कांवर होत नाही. अनेक कॉलेजं बेंच टेस्ट, म्हणजे हाताच्या कामाची परीक्षा, घेतात. समोर टायपोडॉन्ट (प्लॅस्टिकच्या दातांचा जबडा), वेळ मोजून दिलेला, आणि प्लॅस्टिकच्या दाढेवर क्राउन प्रेप करायचं, म्हणजे कॅप बसेल अशी दाढ घासायची. प्लॅस्टिक खऱ्या दातापेक्षा मऊ असतं. ज्याचा हात काढलेल्या दातांवर बसलाय, त्याचा बर (दात घासायचं ड्रिलचं टोक) बघता बघता खोल जातो. मार्जिन, म्हणजे घासलेल्या भागाची कड, खडबडीत राहिली किंवा शेजारच्या दाताला ओरखडा गेला, की ते काम बिघडलंच. हा हात बसवायला महिने जातात, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

एमपीएच सार्वजनिक आरोग्याची पदवी आहे, चांगली आहे. पण तिच्या बळावर तिकडे पेशंटच्या तोंडात आरसासुद्धा घालता येत नाही.

कर्जाचं म्हणाल, तर अनेक खासगी विद्यापीठांत डेंटलची नुसती फी वर्षाला १ लाख डॉलरच्या घरात जाते. राहणं-खाणं वेगळं. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, साधारण एक वर्ष काम करता येतं, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. अशा अनिश्चिततेत ‘दोन वर्षांत फिटतं’ असं आईवडिलांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

टंचाईचं उदाहरण म्हणून ब्रिटन दाखवतात. तिथे पेशंटना एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट मिळत नाही, हे खरंच आहे. पण त्यामागे एनएचएसचा डेंटिस्टांशी २००६ पासूनचा करार आहे. त्या दरांत काम परवडत नाही म्हणून तिथलेच डेंटिस्ट खासगीकडे वळतात. टंचाई आहे म्हणून तुमची ओआरई, म्हणजे परदेशी पदवीच्या डेंटिस्टांसाठीची तिथली परीक्षा, माफ होत नाही. लेखी भाग आणि मग प्रात्यक्षिक, दोन्ही द्यावेच लागतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पुन्हा पदवी न करता परीक्षांच्या वाटेने जाता येतं. तिथेही लेखीनंतर प्रात्यक्षिक असतंच.

जायचं असेल तर जरूर जा. पण एजंटला पैसे देण्याआधी इंटर्नशिपमध्येच कागद लावून घ्या : विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि गुणांचा अधिकृत तपशील), राज्य डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्या नोंदणीवर काही ठपका नाही, असा दाखला). आणि नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर आडनावच वेगळं. परीक्षेच्या अर्जावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही, तर परीक्षेला बसता येत नाही.