११० यार्डांच्या १६ धावा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल लिहितोय. हेल्मेट, पॅड आणि लांबुळक्या चेंडूचा खेळ. इथे टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत आपल्या मराठी घरांतली मुलंही आता हायस्कूलच्या टीममध्ये दिसू लागली आहेत, आणि आई-बाबांचा जीव सगळा डोक्याच्या दुखापतीत अडकलेला असतो. ती काळजी रास्तच आहे. पण २००० नंतर कॉलेज फुटबॉलमध्ये जी मुलं गेली त्यांचा हिशेब काढला, तर टक्कर लागून गेलेल्यांपेक्षा धावता धावता कोसळून गेलेली मुलं कितीतरी जास्त निघतात. त्यातली बरीच सीझन नसताना, कंडिशनिंगच्या, म्हणजे दम वाढवायच्या सरावाच्या, वेळी गेली. समोर प्रतिस्पर्धी नाही, स्कोअरबोर्ड नाही, हातात चेंडूही नाही. हे मृत्यू टाळता येतात, म्हणून हा खटाटोप. मी लाईनमध्ये, म्हणजे समोरच्याशी थेट रेटारेटी करणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या रांगेत, खेळलेला माणूस, त्यामुळे लाईनमनबद्दल जरा जास्तच बोलेन.

आधी खेळाला काय लागतं ते बघा. एक प्ले, म्हणजे एक चाल, चालतो चार ते सहा सेकंद. पुढच्या स्नॅपसाठी, म्हणजे चेंडू मागे देऊन पुढची चाल सुरू करण्यासाठी, प्ले क्लॉक ४० सेकंदांचं. सामन्यात एका टीमच्या वाट्याला साधारण ६५ ते ७५ प्ले येतात, तेही पाच-सात प्लेच्या तुकड्यांत. तुकडा संपला की लाईनमन बाकावर. एका प्लेमध्ये तो तीन ते पाच यार्ड सरकतो, पण तेवढ्यात समोरच्या १३५ किलोच्या माणसाला रेटतो. आता वर्षानुवर्षं चालत आलेली कंडिशनिंग टेस्ट बघा : ११० यार्डांच्या १६ धावा, प्रत्येक धाव ठरलेल्या सेकंदांत, मध्ये जेमतेम मिनिटभर विश्रांती. ११० गुणिले १६ म्हणजे १७६० यार्ड, बरोबर एक मैल. लाईनमधल्या १४० किलोच्या गार्डवर सामन्यात सलग ११० यार्ड धावायची वेळ येतच नाही. मग ही टेस्ट मोजते काय? मुलगा किती सोसतो, एवढंच. आणि सोसण्याची परीक्षा घ्यायची ठरवली की थांबायचं कुठे हे कोचलाच कळेनासं होतं.

लाईनमनचा दम वाढवायचा असेल तर स्लेड, म्हणजे जमिनीवरून ढकलायचा वजनदार सांगाडा, काढा. १० यार्ड पूर्ण ताकदीने ढकलायचा, ३५ सेकंद थांबायचं, असं सहा वेळा. ही एक सिरीज. मग तीन-चार मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं. पहिल्या आठवड्यात चार सिरीज पुरेत, महिन्याभरात आठपर्यंत जा. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक या पळणाऱ्या खेळाडूंसाठी २० ते ४० यार्डांच्या धावा आणि चालत परत. घड्याळ हातात ठेवा. शेवटच्या ढकलीला पहिलीच्या दीडपट वेळ लागायला लागला की त्यापुढे दम वाढत नाही, फक्त शरीर झिजतं, आणि सिरीज तिथेच बंद करायची. बरेच कोच नेमके त्याच क्षणी ओरडून आणखी दोन मागतात.

यावर जंक्शनची गोष्ट हटकून सांगितली जाते. १९५४ साली टेक्सास ए अँड एमचा नवा कोच बेअर ब्रायंट टीमला घेऊन जंक्शन नावाच्या गावी गेला, दुष्काळी उन्हात दहा दिवस पाण्याविना रगडलं, निम्म्याहून जास्त मुलं पळून गेली, उरलेली पोलादी झाली. त्या पोलादी टीमचा त्या वर्षीचा रेकॉर्ड मात्र सहसा कुणी सांगत नाही : एक विजय, नऊ पराभव. ब्रायंटच्या सगळ्या कारकिर्दीतला हा एकमेव तोट्याचा सीझन. १९५६ मध्ये टीम अपराजित राहिली हे खरं, पण तोवर नवी मुलं आली होती. १९५७ ची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, जिंकणारा जॉन डेव्हिड क्रो जंक्शनला गेलेलाच नव्हता. ती दंतकथा उराशी धरून आजही पोरांना छळणारे कोच आहेत, याचा मला मनापासून संताप येतो.

आता नेमकं काय बिघडतं ते. सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाची मुलं तीन आठवड्यांच्या सुट्टीवरून परतली आणि त्यांना पाठीवर बार घेऊन, कमाल वजनाच्या ५० टक्क्यांवर, १०० स्क्वॉट मारायला लावले. १३ मुलं हॉस्पिटलात गेली. सगळी वाचली, पण कारण समजून घ्या. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात. आपल्या तालमीत कुणी शहाणा वस्ताद सुट्टीवरून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. त्यामागेही हेच शहाणपण आहे. खुणा लक्षात ठेवा : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या कमी दुखण्याऐवजी जास्त दुखतात, सुजून टणक होतात, कमोडवर बसताना गुडघा वाकत नाही, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. लघवीचा रंग बदलला की वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची. आयबुप्रोफेन तर अजिबात देऊ नका, मूत्रपिंडांवर आणखी ताण येतो.

यावरचा उपाय कागदावर तयार आहे. अमेरिकेतल्या स्ट्रेंथ कोचच्या, म्हणजे टीमचा व्यायाम घेणाऱ्या प्रशिक्षकांच्या, दोन मोठ्या संघटनांनी २०१९ मध्ये ५०-३०-२०-१० असा नियम सुचवला. नवीन आलेल्या मुलांसाठी पहिल्या आठवड्यात धावण्याचं प्रमाण कमाल आकड्यापेक्षा ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १० टक्के कमी. म्हणजे कमाल १६ धावा ठरल्या असतील तर आठ, अकरा, तेरा, चौदा असं चढायचं. नवा स्ट्रेंथ कोच आला तर जुन्या मुलांनाही हीच पायरी. आणि टेस्ट हाही व्यायामच आहे. पहिल्या दिवशी टेस्ट घेऊन 'हे कंडिशनिंग नव्हतं' असं म्हणता येत नाही.

उष्माघाताबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे मिनिटं मोजायची असतात. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा ऑफेन्सिव्ह लाईनमन जॉर्डन मॅकनेअर ११० यार्डांच्या धावांमध्ये कोसळला. १३ जूनला तो गेला. बाहेरच्या तज्ज्ञांच्या चौकशीत निघालं की त्याचं तापमान मोजलं गेलं नाही, त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं नाही, आणि पहिल्या लक्षणापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली.

उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जातं आणि मुलगा असंबद्ध बोलतो, चिडतो, अडखळतो. कोसळल्यापासून अर्ध्या तासात ते तापमान खाली आणलं तर जवळपास सगळे वाचतात. त्यासाठी लागतो गुरांना पाणी पाजायचा असतो तसला ५००-६०० लिटरचा मोठा टब. प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच तो निम्मा भरलेला हवा, शेजारी बर्फाच्या पेट्या हव्यात. मुलाला छातीपर्यंत आत बसवायचं, काखांखालून टॉवेल ओवून एकाने मागून धरायचं म्हणजे डोकं पाण्याखाली जात नाही, आणि दुसऱ्याने पाणी सतत ढवळत राहायचं. ढवळलं नाही तर अंगालगतचं पाणी कोमट होऊन बसतं आणि थंडावा पोचत नाही. तापमान फक्त गुदद्वारातल्या थर्मामीटरनेच खरं कळतं. कपाळाचं किंवा तोंडातलं माप घामाने आणि पाण्याने फसवतं, आणि हेच माप बघून 'ठीक आहे' म्हणत मुलांना बसवून ठेवलं जातं. बर्फाच्या टबात साधारण पाच मिनिटांना एक अंश उतरतो. ३९ च्या आसपास आला की बाहेर काढायचं. आधी थंड करायचं, मग हॉस्पिटल, हा क्रम पाठ हवा. फोन लगेच करा, पण टबातून काढून रुग्णवाहिकेत घालायची घाई नको.

लाईनमनच जास्त का सापडतात? वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्र कमी, त्यामुळे तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही. प्रॅक्टिसच्या आधी-नंतर वजन करायची सवय लावा. एक किलो घटलं तर सव्वा ते दीड लिटर पाणी, थोडं मीठ पोटात जाईल असं खाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन भरून आलेलं नसेल तर त्या दिवशी धावायचं नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्याला इच्छाशक्तीचा शॉर्टकट नाही.

दुसरा मारेकरी थंडीतही येतो. सिकलसेल ट्रेट. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटाकडच्या वाचकांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. ट्रेट म्हणजे आजार नाही, रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं एकच जनुक असतं आणि एरवी माणूस ठणठणीत असतो. पण विश्रांतीविना जोरदार धावा झाल्या की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, स्नायू मरायला लागतात. सप्टेंबर २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा डेल लॉइड, १०० यार्डांच्या १६ धावांनंतर कोसळून दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या पालकांच्या खटल्यातून पुढे कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने २०१० पासून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, ट्रेटची तपासणी आणली. पण नुसत्या तपासणीने भागत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचा टेड अगू सकाळच्या चढावरच्या ड्रिलमध्ये गेला. त्याला ट्रेट आहे हे विद्यापीठाला माहीत होतं. पुढे विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली.

ओळखायचं कसं? साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा आवळलेला दिसतो आणि मुलगा ओरडतो. सिकलिंगमध्ये तो ओरडत नाही. पाय हलके-हलके निकामी होतात, तो खाली बसतो, 'पायात जीवच नाही' म्हणतो, स्नायू हाताला मऊ लागतो, शुद्ध असते. बरेचदा सेशनच्या पहिल्या काही मिनिटांतच हे होतं. कोचला वाटतं पोरगा अंग चोरतोय, आणि तो त्याला उठवून पुन्हा धावायला लावतो. तिथे मृत्यू होतो. अशा वेळी थांबवणं, मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन, एईडी (हृदयाला झटका देणारं यंत्र) जवळ आणि ९११ ला फोन. ट्रेट असलेल्या मुलाने खेळू नये असं अजिबात नाही. त्याने आपल्या वेगाने धावावं, मध्ये जास्त थांबावं, आणि वेळ लावून घेतलेल्या टेस्टमधून त्याला वगळावं. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची नवजात तपासणी झालेली असते, डॉक्टरांकडून रिपोर्ट मागवा. भारतात जन्मलेल्यांची बहुतेक झालेली नसते, एक साधी रक्ततपासणी करून घ्या.

या सगळ्याचा रिक्रूटिंगशी, म्हणजे कॉलेजं खेळाडू कसे मिळवतात त्याच्याशी, संबंध सरळ आहे. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांची यादी असलेलं ट्रान्सफर पोर्टल २०१८ मध्ये आलं, खेळाडूंना स्वतःच्या नाव आणि प्रतिमेचे पैसे २०२१ पासून, आणि २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, रोस्टर, म्हणजे टीमची यादी, १०५ खेळाडूंवर आणला. आता दर जानेवारीत टीममध्ये अशी डझनावारी मुलं येतात ज्यांच्या शरीराचा इतिहास नव्या स्ट्रेंथ कोचला ठाऊक नसतो. हेड कोचही डिसेंबरात बदललेला असतो आणि त्याला 'इथे आता शिस्त येणार' हे दाखवायचं असतं. पहिल्या आठवड्यातल्या धावा हे ते दाखवायचं सगळ्यात सोपं साधन.

मुलं निवडतानाही कोच हीच चूक करतात. कॅम्पमधल्या ४० यार्डांच्या धावेवर शितावरून भाताची परीक्षा होते. हाताने घेतलेली ४.५ ची वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळावर ४.७ च्या आसपास निघते, हे सगळ्यांना माहीत असूनही. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव कमावलेल्या जॉश ॲलनला हायस्कूलमधून एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नव्हती, तो रीडली ज्युनियर कॉलेजमार्गे वायोमिंगला गेला. बेकर मेफिल्ड दोन कॉलेजांत स्कॉलरशिपशिवाय दाखल झाला आणि २०१७ ची हाइस्मन घेऊन गेला. कोच कर्ट सिग्नेटीने इंडियानाची ३ विजय, ९ पराभवांची टीम २०२४ मध्ये ११-२ वर नेली ती मुख्यतः हायस्कूलच्या मुलांना रेटिंगमध्ये मिळणारे स्टार न मोजता, सामन्यात खरोखर खेळलेली मुलं आणून. मला त्याची ही पद्धत शंभर टक्के पटते. लाईनमन निवडताना मी गोळाफेकीचा आकडा आणि कुस्तीतला रेकॉर्ड आधी विचारेन, कंबर किती खाली जाते ते बघेन. चाळीसच्या धावेचा नंबर शेवटी.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. तोंडी ऑफर दोन्ही बाजूंनी मोडता येते, तिच्यावर घर बांधू नका. आणि डिव्हिजन वनसाठी १६ कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत २.३ चा जीपीए (४ पैकी सरासरी गुण) लागतो, त्यातले दहा विषय शेवटच्या वर्षाआधी पूर्ण हवेत. हे अकरावीत कळून उपयोग नाही, नववीतच तक्ता करा.

कॅम्पस बघायला जाल तेव्हा लॉकर रूमचे दिवे आणि बुटांच्या भिंती दाखवतील. तुम्ही ॲथलेटिक ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्याला, गाठा आणि विचारा : तुमचा बॉस कोण? उत्तर 'हेड कोच' आलं तर ते कॉलेज माझ्या यादीतून बाद. ज्याची नोकरी कोचच्या हातात आहे त्याला सराव थांबवणं जड जातं. मग विचारा, सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात किती धावा देता, आकडा सांगा. सकाळी सहाच्या सेशनला तुम्ही स्वतः असता का? आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम शेवटची कधी झाली? आणि निघण्याआधी मैदानाच्या कडेपर्यंत चालत जा, टब कुठे आहे ते बघा. शेडमध्ये उलटा पडलेला आहे, की नळी जोडून, बर्फाच्या पेटीशेजारी सरळ ठेवलेला आहे.