स्टॅकला मराठीत काय म्हणायचं?

रविवारी दुपारी इथं जर्मनीत व्हॅक्यूम लावता येत नाही, शेजाऱ्यांना आवाज चालत नाही. म्हणून फोन हातात घेतला आणि पुढचा सगळा आठवडा त्यात गेला.

उदगीरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दादानं (थोरल्या काकांचा, हिंजवडीला असतो) जुनीच बातमी नव्यानं टाकली होती. २०२१ मध्ये एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनं, मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, ती. खाली त्याचा शेरा: "स्टॅकला मराठीत काय म्हणणार? मडकं?" त्यावर पंधरा जणांच्या हसऱ्या बाहुल्या. त्यात आमची आईसुद्धा. तिला स्टॅक म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण लेकरं हसायलीत म्हणून तीही हसली.

दादाच्या दुर्दैवानं मी नेमकं तेच वाचत होतो. बुधवारी ऑटोमाटाची, म्हणजे गणना करणाऱ्या कल्पित यंत्रांच्या विषयाची, तोंडी परीक्षा होती, दुसरा प्रयत्न. पहिल्या खेपेला ५.० आला होता, म्हणजे इथल्या हिशेबानं नापास, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही, आता कळेल. लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं सगळी बाहेर गेलेली, म्हणून बॅचलरच्या पोरांचं जर्मन पुस्तक उचललं. स्टॅक जोडलेल्या ज्या यंत्राला आपण पुशडाऊन ऑटोमॅटन म्हणतो, त्याला ते केलरऑटोमाट म्हणतात. केलर म्हणजे तळघर. आमच्या बिल्डिंगच्या केलरमध्ये माझी सायकल आणि फांडच्या, म्हणजे दुकानात परत दिल्या की पैसे मिळणाऱ्या, बाटल्यांच्या पिशव्या असतात. बावर आणि सामेलसन या म्युनिकच्या दोघांनी १९५७ मध्ये स्टॅकच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. कंसांनी भरलेलं गणित सोडवताना मशीननं अर्धवट राहिलेलं काम खाली ठेवून द्यायचं, आणि शेवटी ठेवलेलं आधी वर काढायचं. नाव काय द्यावं, तर तळघर. घरातलाच शब्द.

आता आमच्या आजीचं स्वयंपाकघर. कोपऱ्यात उतरंड होती. तळाला ज्वारीचं मोठं मडकं, वर डाळी, मग सांडगे, आणि सगळ्यात वर सुंठ-ओव्याचं गाडगं. आजी पैसे कायम तळाच्या मडक्यात ठेवायची. आजोबांना तिच्या नकळत काढायचे तर वरची सहा-सात मडकी एकेक करून उतरवावी लागत, आणि तोवर ती अंगणातून आत यायचीच. दादा, तू चुकून बरोबर बोललास. फक्त मडकं एक नाही. स्टॅक म्हणजे उतरंड, आणि सुरक्षा व्यवस्थेसकट.

हे मी ग्रुपवर लिहिलं. वर चार जर्मन शब्दही फेकले. हार्ड डिस्क म्हणजे फेस्टप्लाटे, इंटरफेस म्हणजे श्निटश्टेले, फाईल म्हणजे डाटाय. कोनराड त्सुझंनं १९४१ मध्ये बर्लिनमध्ये झेड-३ हा त्याचा संगणक चालवून दाखवला, तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही की हे तुमच्या भाषेत कसं जमणार बाबा. इथली पोरं सॉफ्टवेअरला सॉफ्टवेअरच म्हणतात आणि कॉम्प्युटरला कॉम्प्युटरच, हे मात्र लिहिलं नाही. भांडणात सगळंच सांगायचं नसतं.

दादाचं उत्तर आलं, "ज्ञान इंग्रजीतच आहे. बाकी सगळी भावनिक बडबड."

हे मला लागलं ते आजोबांमुळं. ते निजामाच्या राज्यातल्या उदगीरच्या शाळेत उर्दूत शिकले. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेच उर्दू माध्यमाचं. त्यासाठी अनुवादाचं स्वतंत्र खातं उघडून पुस्तकं उर्दूत आणली, नवे शब्द पाडले. डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगसुद्धा त्याच भाषेत. म्हणजे आपल्या भाषेत जमत नाही, हे निदान मराठवाड्यातल्या माणसानं म्हणू नये. आपल्या आज्यांच्या काळात ते होऊन गेलंय. आजोबा शेवटपर्यंत जमा, तफरीक, जरब, तकसीम (बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार) असाच हिशेब करायचे. बाजारातल्या पावतीमागं पेन्सिलीनं आकडे, ओठांवर पुटपुटणं.

पण हे उदाहरण माझ्यावरही उलटतं. उर्दू काही आजोबांची घरची भाषा नव्हती. ती दरबारातून आली, आणि १९४८ च्या सप्टेंबरात निजाम गेल्यावर त्यांना कागदपत्रांसाठी पुन्हा मराठी गिरवावी लागली. दादाला हा इतिहास ठाऊक नाही म्हणून मी वाचलो.

बुधवारी परीक्षा झाली. इंग्रजीत. २.७, म्हणजे पास. उत्तर देताना डोळ्यांसमोर आजीची मडकी होती, तोंडातून मात्र पुश आणि पॉप, म्हणजे ठेवणं आणि काढणं.

गुरुवारी सुटीच्या आनंदात केन थॉम्प्सन या अमेरिकन प्रोग्रामरबद्दल वाचलं. १९९२ मध्ये न्यू जर्सीच्या एका खाणावळीत, सहकारी रॉब पाईक सोबत असताना, त्यानं टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची, म्हणजे जगातल्या लिप्या संगणकात साठवायच्या पद्धतीची, मांडणी लिहिली. तीत इंग्रजी अक्षराला १ बाइट आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३. मी लगेच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडून 'लातूर' टाकलं. अक्षरं ३, पायथॉननं लांबी सांगितली ५, बाइट १५. काना आणि उकार तो वेगळे मोजतो. मग साध्या रेग्युलर एक्स्प्रेशननं (मजकुरात शोधायचा नमुना) त्यातले शब्द शोधायला सांगितले, तर एका लातूरचे तीन तुकडे आले. ल, त, र. काना आणि उकार शब्दात बसतात हेच त्याला मान्य नाही! याचा स्क्रीनशॉट मी मोठ्या तावातावानं ग्रुपवर टाकला, की बघा, आपण लक्ष घातलं नाही म्हणून ही गत.

दादा म्हणाला, "म्हणजे मराठीत चालत नाही, हेच ना?"

शुक्रवारी वेर्कश्टुडेंटच्या, म्हणजे शिकता शिकता करायच्या, नोकरीचा नकार आला. काम येतं, पण टीमची भाषा जर्मन आहे, बे-दोन (बी-२) पातळी पाहिजे, माझी आ-दोन (ए-२), म्हणजे बरीच खालची. पत्र सभ्य होतं. रविवारपासून ज्या भाषाभिमानाचे दाखले मी घरी देत होतो, त्यानंच मला दाराबाहेर ठेवलं. श्पेरकोंटोतले, म्हणजे व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेले, पैसे मार्चपर्यंत पुरतील. मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

त्या रात्री लातूरहून ताईचा फोन. भाची पुढच्या वर्षी पहिलीत. "मराठीसाठी एवढं भांडायलास, तर सांग की, पोरीला कुठं घालू? सेमीला का इंग्लिशला?"

मी म्हणालो, इंग्लिशला घाल.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी बाबांचा मेसेज. ग्रुपवर ते कधी लिहीत नाहीत, हा वेगळा, माझ्यापुरता, शुद्ध देवनागरीत: "बाळा, तुझं ते इंग्रजी अक्षरातलं मराठी मला वाचता येत नाही. तू आठवडाभर काय लिहायलास ते देवनागरीत टाक. जेवलास का?"

म्हणून हे सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहितोय. वर एक वाक्य होतं, दादानं या चर्चेचं गुऱ्हाळ घातलं असं. ते काढून टाकलं. त्यातला ऱ्ह कीबोर्डवर कुठं आहे ते शोधण्यातच दहा मिनिटं गेली होती.