पळपुटे म्हणे!

वहिनी युरोप टूरवर आहे. सकाळी तिने फॅमिली ग्रुपवर प्रागमधल्या पंखवाल्या सिंहाचा फोटो टाकला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या चेकोस्लोव्हाक वैमानिकांचं स्मारक. खाली आमच्या मामांचा शेरा: "देश जर्मनांच्या हाती देऊन इंग्लंडला पळाले, त्यांचे कसले पुतळे?" डोकंच फिरलं.

मामा, ते लढायला गेले होते. आधी पोलंड, मग फ्रान्स, तेही पडलं तेव्हा इंग्लंड. जुलै १९४० मध्ये त्यांची ३११ स्क्वाड्रन उभी राहिली, बॉम्बर म्हणून. माणसं भराभर गेली आणि नवी आणणार कुठून, घर तर नाझींच्या ताब्यात! म्हणून १९४२ मध्ये त्यांना समुद्रावरच्या गस्तीला लावलं. तासन् तास खाली नुसतं पाणी.

मी चेक देशातल्या ब्रनो शहरात नोकरीला होतो तेव्हा माझ्या घरमालकीणबाईंचे वडील याच ३११ मध्ये वायरलेसवर होते, हे कळलं. बाईंनी एकदा माळ्यावरून त्यांचा लोकरी कोट काढून दाखवला. पितळी बटणं गायब, जागी काळी प्लास्टिकची. "हाच घालून खाणीत जायचे," म्हणाल्या.

खाणीत! कारण फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट आले आणि इंग्लंडहून लढून आलेला प्रत्येक जण संशयित ठरला. कुणी तुरुंगात, कुणी खाणीत. बाईंना लहानपणी घरातून ताकीद होती: शाळेत विचारलं तर बाबा युद्धात कारखान्यात होते म्हणून सांगायचं.

२७ डिसेंबर १९४३ ला जपानहून माल भरून फ्रान्सकडे निघालेलं 'आल्स्टरउफर' हे जर्मन जहाज याच स्क्वाड्रनच्या लिबरेटर विमानाने बुडवलं. विमानाचे कॅप्टन ओल्द्रिख दोलेझल. १९५० मध्ये तीन प्रवासी विमानं प्रागला न उतरता म्युनिकजवळ एर्डिंगला उतरली, त्या कटात हेच दोलेझल होते. तेव्हा मात्र खरंच पळाले, मामा. स्वतःच्याच देशातून.

बरं, मागे राहिलेल्यांनीही जीव दिले, मान्य. इंग्रजांनी गरजेपोटी जवळ केलं, तेही मान्य. पण तो सिंहसुद्धा २०१४ मध्ये तिथे राहणाऱ्या ब्रिटिशांनी भेट दिला तेव्हा उभा राहिला!

मामांना लांबलचक उत्तर लिहिलं होतं, खोडलं. वयाने मोठे आहेत, आणि दिवाळीला त्यांच्याकडेच जायचंय. बाईंनी पितळी बटणं पुन्हा का लावली नाहीत, असं मी तेव्हा विचारलं होतं. म्हणाल्या, ही काळी बाबांनी स्वतःच्या हाताने शिवलीत.

कोटाचा फोटो आहे माझ्याकडे. तेवढा टाकलाय ग्रुपवर. मामांची निळी टिक आली आहे.