दाढ भरण्यापूर्वीचा अभ्यास

दाढेतला खड्डा दंतवैद्यांनी मला आरशात दाखवला, तेव्हा सुज्ञ माणसाने तो तिथेच बुजवून घेतला असता. मी मात्र "विचार करून सांगतो" असे म्हणून घरी आलो आणि चार रात्री जागून भरावाच्या पदार्थांच्या ताकदीचे कोष्टक तयार केले. पुलाचा खांब उभारायचा असता, तरी मी इतका अभ्यास केला नसता.

कोष्टकात पहिला क्रमांक अमाल्गमने पटकावला. जवळजवळ निम्मा पारा आणि उरलेल्यात चांदी, कथील व तांबे असलेले हे मिश्रण, त्यात तांबे पुरेसे असेल, तर दिवसभरात घट्ट होऊन ४०० मेगापास्कल (दाब मोजण्याचे एकक) याच्याही पुढचा दाब सोसते. खुद्द दाताचे इनॅमल (वरचे कठीण आवरण) ३८४ च्या आसपास हार मानते. आपल्या तोंडात पहिलवान नांदणार, या कल्पनेने मी हरखलो. पण पुढच्याच ओळीत कळले की या पहिलवानाला दाबण्याऐवजी ताणले, तर तो पन्नास-साठ मेगापास्कलमध्येच गारद होतो. शिवाय तो दाताला चिकटत नाही. तो निसटू नये म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागतो, म्हणजे पाहुण्याची सोय व्हावी म्हणून घराच्या धडधाकट भिंती तासायच्या.

कंपोझिट, म्हणजे राळ आणि काचेची बारीक पूड यांचे मिश्रण, दाताला चिकटते, दाताच्याच रंगाचे असते आणि वाकवले तरी साधारण शंभर मेगापास्कलपर्यंत तग धरते. मात्र निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आकसते, म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर देत बसावे लागते, आणि तेवढा वेळ जबडा उघडा ठेवण्याची ताकद कोणाकडे असते, हे कोणत्याही कोष्टकात दिलेले नसते. ग्लास आयोनोमर, म्हणजे काचेची पूड आणि आम्ल यांचे सिमेंट, स्वभावाने सज्जन, कारण ते कीड रोखायला मदत करणारे फ्लोराइड सोडते. वाकवण्याच्या परीक्षेत मात्र सपशेल नापास. चावताना दाढ दाबते, वाकवते आणि घासतेही, त्यामुळे नेमकी कोणती ताकद खरी मानावी, या प्रश्नावर माझी चौथी रात्र खर्ची पडली.

शेवटी कंपोझिटच्या बाजूने निकाल लावून मी खुर्चीत बसलो. तो निकाल जाहीर करण्यापूर्वीच तोंडात कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी आल्यामुळे त्याचा उच्चार "आं" एवढाच झाला. खड्डा खोल असल्याने आठवडाभर तात्पुरतेच भरू, असे म्हणून डॉक्टरांनी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचा लवंगेच्या वासाचा लगदा आत दडपला. दुबळेपणामुळे या पदार्थाला मी कोष्टकात घेतलेच नव्हते; वर युजेनॉलमुळे कंपोझिट नीट घट्ट होत नाही, त्यामुळे आधी तो पुरता खरवडून काढावा लागणार होता.

त्या आठवड्याला आता चौथा महिना लागला आहे. लगदा जागचा हललेला नाही, मी दुसऱ्या बाजूने चावतो, आणि दवाखान्यातून फोन आला की "विचार करून सांगतो" असे म्हणतो.