वर्तुळाचा तिसरा पाव भाग : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने सेटिंग, म्हणजे माप बरोबर यावं म्हणून मशीन जुळवणं, स्वतःहून शिकून घ्यावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही नऊ वर्षं चाकणला सीएनसी टर्निंगवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) आहात. ठेकेदार सात महिन्यांनी ब्रेक देतो, म्हणजे काही दिवस कामावरून काढतो, बारा तास उभं राहिल्यावर पुस्तक उघडायची ताकद उरत नाही, सेटर ऑफसेटच्या पानाला (मशीनच्या स्क्रीनवर मापाची दुरुस्ती भरतात त्या पानाला) हात लावू देत नाही, आणि तुमच्या लाइनवर ज्या पोराने शिकून घेतलं त्याला पगारवाढीऐवजी दुसरं मशीन सांभाळायला मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. ‘इच्छा असेल तर वेळ मिळतोच’ हे माझं वाक्य तुम्हाला लागलं.

ते वाक्य चुकीचं होतं. मी शिकत होतो तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, खोली भोसरीत कंपनीपासून चालत दहा मिनिटांवर होती आणि पाळी आठ तासांची होती. ते दिवस आठवून मी सगळ्यांना सांगायला निघालो. वाक्य आज लेखातून काढलंय, तुमच्यामुळे काढलंय असं खाली लिहिलंयही.

ब्रेकचंही तसंच. सात महिन्यांचा हिशोब कुठून आला हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने सलग नोकरी धरली जाते, ते भरू द्यायचे नाहीत म्हणून. एकट्या माणसाने कितीही मेहनत केली तरी त्यावर इलाज नाही. तो युनियनचा आणि कायद्याचा प्रश्न आहे, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. फक्त एक काम कराच : ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढू देऊ नका, जुनाच द्या. 2014 पासून यूएएन एकच चालतो. त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या ठेकेदाराकडे कधीपासून कधीपर्यंत होतात ते दिसतं. अनुभवाचा दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, तेव्हा तोच कागद कामाला येतो.

आता जिथे मी मागे हटणार नाही तिथे येतो. शिकणं पाळी संपल्यावर करायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझं सगळं शिकणं पाळीतच झालं, आणि तेही ऑफसेटचं पान न उघडता.

आमच्याकडे 25 मिमी व्यासाची पिन होती, टॉलरन्स स्मॉल एच-सेव्हन, म्हणजे माप 25.000 ते 24.979 मध्ये आलं तर पास. ऑफसेट सेटर काकांच्या हातात, मायक्रोमीटर मात्र माझ्या हातात. मी खिशातल्या वहीत दर दहाव्या पीसचा साइज आणि वेळ लिहायला लागलो. एका नोंदीला अर्धं मिनिटही लागत नाही. पंधरा दिवसांनी वहीच बोलायला लागली. इन्सर्ट (कापणारी टिप) झिजतो तसा साइज हळूहळू वर चढतो, हे आकड्यांत दिसलं. जेवणानंतरचे पहिले दोन-तीन पीस वेगळेच येतात, तेही दिसलं. आणि एक गोष्ट अशी, जी मला कोणीच सांगितली नव्हती : चकमधून (मशीनमध्ये पीस धरणाऱ्या पकडीतून) काढल्या काढल्या मोजलेला पीस आणि गार झालेला तोच पीस यांचा साइज एक नसतो. स्टीलचा 25 व्यास वीस अंश जास्त गरम असला तर साधारण सहा मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) फुगतो. 21 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये सहा म्हणजे थोडे नव्हेत.

एकदा काकांनी गरम पीस मोजला, 25.004 आला, आणि ते ऑफसेट मायनस करायला निघाले. मी म्हटलं, “काका, दहा मिनिटं फरशीवर ठेवून परत मोजू का?” 24.998 आला. पास. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफसेटचं पान उघडताना त्यांनी मला हाक मारून शेजारी उभं केलं.

सगळे सेटर असे नसतात, मान्य. पण मोजायला तुम्हाला कोणी अडवत नाही. (ड्रॉइंगचा किंवा प्रोग्रामचा फोटो मात्र चुकूनही काढू नका. तो कंपनीचा आहे आणि त्यावरून नोकरी जाते. वहीत आपलं निरीक्षण लिहायचं, बस.)

दुसऱ्या मशीनचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात खरा. मलाही दुसरं मशीन मिळालं आणि अकरा महिने एक रुपया वाढला नाही. माझी चूक ही, की मी गप्प राहिलो. लाइनच्या बोर्डवर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं, नावापुढे चार भागांचं वर्तुळ. आमच्याकडे एक पाव काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, पूर्ण काळं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मी दोन मशीन एकटा चालवत होतो आणि माझं वर्तुळ दोन वर्षं अर्धंच काळं होतं. मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत ऑडिटर हा बोर्ड बघतात, म्हणून ऑडिट जवळ आलं की सुपरवायझरलाही तो नीट हवा असतो. त्या आठवड्यात मी वही घेऊन गेलो. “साहेब, दोन्ही मशीन माझ्याकडे आहेत, रिजेक्शन किती खाली आलं ते यात आहे, तिसरा पाव भरा आणि तिसऱ्या पाळीत काका नसतात तेव्हा ऑफसेट मला द्यायला सांगा.” पैसे मागितले नाहीत. पाव भरला गेला. पगार तिथे शेवटपर्यंत वाढला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तो वाढला पुढच्या कंपनीत. मुलाखतीत त्यांनी ड्रॉइंग, एक पीस आणि मायक्रोमीटर पुढे ठेवला. मी आधी विचारलं, पीस मशीनवरून उतरून किती वेळ झाला. समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्यानंतरचं सगळं बोलणं सेटरच्या जागेबद्दल झालं.

आता एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. मी कधी ठेकेदाराकडे नव्हतो, त्यामुळे हे मला अनुभवातून सांगता येत नाही : ब्रेक संपवून तुम्ही त्याच लाइनवर परत जाता, तेव्हा तुमचं वर्तुळ होतं तिथूनच पुढे चालू होतं, की पहिल्या पावापासून? आणि पुसलं जात असेल, तर ते कोण पुसतं, सुपरवायझर की एचआर? कळवा. पुढचा लेख मला त्यावरच लिहायचा आहे.