पावसाळाभर उभी राहिलेली मोटरसायकल ‘दहा मिनिटांत’ तयार होत नाही

दसरा जवळ आला की एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरू लागतो. चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली मोटरसायकल दहा मिनिटांत रस्त्यावर आणायची युक्ती. सल्ला थोडक्यात असा: पावसाळ्यात रोज पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवली असेल तर काहीच करू नका, बॅटरी उतरली असेल तर ढकलून सुरू करा, गाडी गिअरमध्ये फिरती ठेवून चेन पुसा, ब्रेक अडकत असेल तर दोन थेंब ऑइल सोडा. शेवटच्या दोन गोष्टींनी माणूस जायबंदी होऊ शकतो, म्हणून आधी त्याच घेतो.

ब्रेकला ऑइल कधीही नाही. डिस्कला नाही, ड्रमलाही नाही. ब्रेक घर्षणावर चालतो, आणि डिस्कचे पॅड किंवा ड्रमचे लायनर एकदा तेल प्यायले की पुसून उपयोग नसतो, बदलावेच लागतात. दमट हवेत डिस्कवर चढलेला तांबूस गंज बहुधा वरवरचा असतो. मोकळ्या जागी सावकाश चालवत चार-सहा वेळा ब्रेक दाबला की पॅडच तो खरवडून काढतात. ड्रम अडकला असेल तर चाक उतरवून लायनर बघायचे, आतली भुकटी ओल्या फडक्यानं टिपायची आणि ग्रीस लावायचं ते फक्त ब्रेक कॅमला (लायनर ड्रमवर दाबणारा भाग), तेही नखभर.

हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइलही बघा, म्हणजे डिस्क ब्रेकला दाब पोचवणारा द्रव. नवं असताना ते फिकट पिवळसर दिसतं. तपकिरी झालं असेल तर बदला, आणि तसंही साधारण दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यामुळे कमी तापमानाला उकळतं. आंबोलीसारखा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. गाडी सुरू होते का हे नंतर बघा. थांबते का, हे आधी.

चेन पुसताना इंजिन बंदच हवं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवायचं. फिरत्या चेनमध्ये फडक्याचं टोक अडकलं की ते बोटांसकट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. पाच मिनिटं वाचवायला बोटं पणाला लावू नका, ही कळकळीची विनंती. रॉकेल आणि ब्रशनं चेन धुवा, कोरडी होऊ द्या, मग ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूनं सोडा.

‘रोज पाच मिनिटं’ हा सल्ला तर चांगल्या गाड्या बिघडवतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ऑइलही तापत नाही. पाणी आतच राहतं, सायलेन्सर आतून गंजतो आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं तर खाली दुधाळ साय दिसते. शिवाय स्टार्टरनं जेवढा करंट खाल्ला, तेवढा आयडलिंगवर भरून निघेलच असं नाही.

त्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं आणि महिन्याकाठी चार्ज करणं सोपं. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जर लावा. ढकलून सुरू करायची युक्ती कार्बोरेटरच्या काळातली. २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. बॅटरी पूर्ण बसली असेल तर पेट्रोलचा पंपच चालत नाही, मग कितीही ढकला.

मेसेजात नसलेली एक गोष्ट: सेल मारण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडा आणि सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. उंदरांनी कुरतडलेला फिल्टर, चिंध्यांचं घरटं, कुंभारमाशीचं मातीचं घर, यातलं काहीही सापडू शकतं. सीटखालच्या वायरींवर दातांच्या खुणा दिसल्या तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला घरी बोलवा. टायरमध्ये चेन कव्हरवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, टाकीत ताजं पेट्रोल घाला, आणि पीयूसीची तारीख बघितल्याशिवाय गल्लीबाहेर पडू नका.